दक्षिण ध्रुव उत्तर ध्रुवापेक्षा एवढा थंड का?

चौकस_चिमणी

शाळेत शिकलो ते एवढंच की ध्रुवांवर सूर्यकिरण तिरपे पडतात म्हणून तिथे कडाक्याची थंडी. पटलं. पण किरण दोन्हीकडे सारखेच तिरपे, दोन्हीकडे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. मग थंडीही सारखीच हवी ना?

काल सहज आकडे बघायला बसले आणि चक्रावले. दक्षिण ध्रुवाचं वर्षभराचं सरासरी तापमान उणे ४९ अंश सेल्सियसच्या आसपास. उत्तर ध्रुवाचं उणे १७-१८ च्या आसपास. म्हणजे तीसेक अंशांचा फरक! उत्तर ध्रुव उन्हाळ्यात शून्याला टेकतो. दक्षिण ध्रुवावर नोंदलेला उच्चांक आहे उणे १२.३, तोही २५ डिसेंबर २०११ चा.

त्यात भर म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे दक्षिणेच्या ऐन उन्हाळ्यात. त्या हिशेबाने दक्षिण ध्रुव जास्त गरम असायला हवा. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. 'तिकडे बर्फ जास्त' असं एका ओळीत उत्तर नको, कारण मग बर्फ जास्त का, हा पुढचा प्रश्न माझ्याकडे तयार आहे.

ठोंब्या

नकाशात दक्षिण ध्रुव खाली असतो. थंडी जड, ती खाली बसते. हाकानाका. धागा बंद करा.

उंटावरचा_शहाणा

उत्तर एका शब्दाचं आहे: उंची. दक्षिण ध्रुवावरचं अमुंडसेन-स्कॉट स्थानक समुद्रसपाटीपासून २८३५ मीटरवर आहे. उत्तर ध्रुव समुद्रावरच आहे, दोन-तीन मीटर जाडीच्या तरंगत्या बर्फावर. वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात हे सगळ्यांना माहीत आहे. करा गुणाकार. बाकी सगळं किरकोळ.

आकडेमोड

केला गुणाकार. २.८३५ गुणिले ६.५ म्हणजे १८.४. चिमणीताईंच्या तीस अंशांमधले अठरा गेले, उरले बारा. बारा अंश किरकोळ? शेवटच्या हिमयुगात अख्ख्या पृथ्वीची सरासरी पाच-सहा अंशांनी खाली होती, तेवढ्यात अर्ध्या उत्तर अमेरिकेवर बर्फ चढला होता.

वाचनमात्र

वाचतेय. चांगला धागा.

शंकासुर

सूर्यापासूनच्या अंतराचा मुद्दा उलटा घ्या. दक्षिणेचा उन्हाळा जवळ असताना, म्हणजे दक्षिणेचा हिवाळा लांब असताना. जुलैत पृथ्वी १५ कोटी २१ लाख किमीवर असते, जानेवारीत १४ कोटी ७१ लाख. म्हणून दक्षिणेचा हिवाळा जास्त कडक. एवढं सोपं आहे.

निळावंती

शंकासुरा, ध्रुवावरच्या हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तो जवळ असला काय नि लांब असला काय, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

वर्षाची बेरीज केली तर दोन्ही ध्रुवांना वरून मिळणारी ऊर्जा सारखीच भरते. जवळ असताना ऊन जास्त, पण तेव्हा पृथ्वी भरभर पळते, म्हणून दक्षिणेचा उन्हाळा आखूड. मार्च ते सप्टेंबर या दोन विषुवदिनांमधले दिवस मोजा, सुमारे १८६ भरतील. उरलेल्या अर्ध्यात सुमारे १७९. म्हणजे दक्षिण ध्रुवाची रात्र आठवडाभर मोठी, पण दिवस जास्त प्रखर. फिटंफाट.

खरं आश्चर्य वेगळंच आहे. २१ डिसेंबरच्या सुमाराला दक्षिण ध्रुवाच्या डोक्यावर चोवीस तासांत जेवढी सौरऊर्जा येते तेवढी पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही, कुठल्याही दिवशी येत नाही. विषुववृत्तावरच्या सर्वांत प्रखर दिवसापेक्षाही जास्त, कारण तिथे सूर्य मावळतच नाही. एवढं ऊन घेऊनही तो पठ्ठ्या उणे पंचवीसच्या वर फारसा येत नाही. म्हणजे ऊन कमी पडतं ही तक्रारच नाही. आलेलं ऊन ठेवता येत नाही, ही आहे.

आकडेमोड

निळावंतीताईंचं तपासून पाहिलं. वातावरणाच्या माथ्यावर, चोवीस तासांची सरासरी: दक्षिण ध्रुव डिसेंबरात सुमारे ५६० वॅट प्रति चौरस मीटर. उत्तर ध्रुव जूनमध्ये सुमारे ५२०. विषुववृत्त मार्चमध्ये ४४० च्या आतबाहेर. बरोबर आहे.

चौकस_चिमणी

हे तर माझ्या प्रश्नापेक्षाही विचित्र निघालं. मग ते ऊन जातं कुठे?

हिमयात्री

जातं परत आकाशात. डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहितो.

मैत्री या आपल्या स्थानकावर एक हिवाळा काढलाय. स्थानक पुऱ्या बर्फावर नाही, शिर्माकर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात आहे. बर्फाच्या समुद्रात पस्तीसेक चौरस किमीचं खडकाळ बेट म्हणा. तपकिरी खडक, मध्ये मध्ये तळी. पिण्याचं पाणी त्यातल्याच प्रियदर्शिनी तळ्याचं. डिसेंबरात वारा पडला की खडकावर हातमोजे काढून बसता येतं, दगड हाताला कोमट लागतो. उठून थोडं चाललं की बर्फाची कड लागते, निळसर आणि काचेसारखी कडक. तोच सूर्य, तीच हवा. एक तापलेला आणि दुसरा ढिम्म.

त्या कडेला एक मजा दिसते. वाऱ्याने उडून बर्फावर पडलेला काळा खडा आपल्या मापाचं भोक पाडून हळूहळू खाली उतरत जातो. भोकात पाणी, त्याच्या तळाशी खडा, आणि भोवती सगळं घट्ट गोठलेलं. ऊन भरपूर आहे, फक्त ते घेणारं कुणी हवं, हे त्या खड्याकडे बघून कळतं. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो. उघडा समुद्र जेमतेम ६-७ टक्के.

ठोंब्या

काळा खडा होऊन अंटार्क्टिकाला जावं म्हणतो. निदान घरकुल तरी आपोआप होईल.

उंटावरचा_शहाणा

हिमयात्री, अनुभव भारी, दंडवत. पण बर्फ उत्तरेलाही आहे आणि तोही पांढराच आहे. त्याने फरक कसा सिद्ध होतो? मी अजून उंचीवरच आहे. दोन्ही गोलार्धांचे नीचांक बघा. दक्षिणेचा व्होस्तोक स्थानकावर, २१ जुलै १९८३, उणे ८९.२, उंची ३४८८ मीटर. उत्तरेचा ग्रीनलंडच्या हिमपठारावर, २२ डिसेंबर १९९१, उणे ६९.६. दोन्ही उंचावरचे. अजून काय पुरावा हवा?

निळावंती

उंटराव, ग्रीनलंडची नोंद जागतिक हवामान संघटनेने मान्य केली २०२० साली. तोवर तो मान सैबेरियाचा होता. व्हर्खोयान्स्कला १८९२ च्या फेब्रुवारीत उणे ६७.८. व्हर्खोयान्स्कची उंची? शे-दीडशे मीटर. म्हणजे तीन किलोमीटर उंच हिमपठार आणि नदीकाठचं सखल गाव यांच्या नीचांकांत दोन अंशांचाही फरक नाही. आणि हे गाव ध्रुवापासून अडीच हजार किमी दक्षिणेला आहे. तरी जानेवारीत खुद्द उत्तर ध्रुव त्याच्यापेक्षा उबदार असतो. का? कारण ध्रुवाखाली समुद्र आहे आणि व्हर्खोयान्स्कखाली नाही. तेच गाव २० जून २०२० ला ३८ अंशांवर गेलं होतं. ध्रुव कधी जाईल का ३८ वर?

आता मूळ मुद्दा. आर्क्टिकचं पाणी खारं आहे, ते गोठतं उणे १.८ अंशांना. वर हवा उणे ३५ असली तरी बर्फाच्या दोन मीटर खाली उणे १.८ चं पाणी कायम आहे. हिवाळाभर ते खालून ऊब पुरवत राहतं. बर्फाला भेगा पडतात तेव्हा तर उघड्या पाण्यातून धुरासारखी वाफ निघते. उन्हाळ्यात याच्या उलट. तापमान शून्यावर आलं की पुढची सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते, म्हणून हवा शून्याच्या आसपासच अडकते. समुद्र उत्तर ध्रुवाला दोन्ही बाजूंनी आवरून धरतो, फार थंड होऊ देत नाही आणि फार गरमही नाही. दक्षिणेला असा आवरणारा कुणी नाही.

आकडेमोड

यावर राहवलं नाही, कागद घेतला. बर्फातून उष्णता किती वाहते याचा ढोबळ हिशेब. समुद्रबर्फाची उष्णतावाहकता साधारण २ धरू. जाडी २ मीटर, खालच्या-वरच्या तापमानातला फरक ३० अंश. उत्तर ३० वॅट प्रति चौरस मीटर. वर भुसभुशीत हिम साचलेलं असतं, ते पांघरुणाचं काम करतं, म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा बरंच कमी. दहा धरू.

आता दक्षिण ध्रुव. बर्फाची जाडी २७०० मीटर. फरक ५० अंश धरा. उत्तर ०.०४ वॅट.

दहा विरुद्ध ०.०४. म्हणजे शेकडो पटींचा फरक. उत्तर ध्रुवाच्या खाली शेगडी आहे, दक्षिणेची विझलेली आहे असं म्हणायला हरकत नाही.

शंकासुर

पण पृथ्वीच्या पोटातली उष्णता? ती तर अंटार्क्टिकाखालीही असणारच. तो हिशेब कुठे गेला?

मावळतीकर

तो ०.०४ त्यातच आला, शंकासुरभाऊ. भूगर्भातून येणारी उष्णता चौरस मीटरमागे वॅटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. हवेचं तापमान हलवायला ती काहीच नाही. पण तळाशी तिचं काम दिसतं. एवढ्या जाड बर्फाखाली ती अडकून बसते, वरून प्रचंड दाब, त्यामुळे काही ठिकाणी बर्फाचा तळ वितळलेला असतो. पृथ्वीवर सर्वांत थंड हवा नोंदली गेली त्या व्होस्तोकच्याच खाली, पावणेचार किमी बर्फाच्या तळाशी, द्रवरूप पाण्याचं अवाढव्य सरोवर आहे. रशियन गिरमिट ५ फेब्रुवारी २०१२ ला तिथवर पोचलं.

बाकी उंची की समुद्र या भांडणात एक गोष्ट कुणीच विचारली नाही. ती उंची आली कुठून? स्थानक २८३५ मीटरवर आणि बर्फ २७०० मीटर जाड. वजाबाकी करा. खालचा खडक समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरेक मीटर वर. दक्षिण ध्रुव डोंगरावर नाही, तो स्वतःच्याच बर्फाच्या ढिगावर बसलाय. म्हणजे उंटराव ज्याला कारण म्हणताहेत ते निदान अर्धं तरी परिणाम आहे. थंडी पडली म्हणून बर्फ साचला, साचला म्हणून उंची वाढली, वाढली म्हणून थंडी आणखी वाढली.

उंटावरचा_शहाणा

बर्फाची असली तरी उंची ती उंचीच. हवेला खाली खडक आहे की बर्फ याचं सोयरसुतक नाही.

ठोंब्या

उंट आता बर्फाच्या डोंगराखाली आला.

निळावंती

आणखी एक. तो साडेसहा अंशांचा दर दोन ठिकाणच्या जमिनीलगतच्या तापमानांना सरळ लावता येत नाही. ध्रुवीय पठारावर हिवाळ्यात तापमानाची विपरीतता असते. बर्फाचा पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकून टाकून इतका गारठतो की काही शे मीटर वरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा वीस-वीस अंशांनी उबदार असते. वर जाल तसं थंड, हा नियमच तिथे उलटा. म्हणून 'अठरा उंचीचे, बारा इतरांचे' अशी वाटणी ऐकायला बरी, पण निसर्ग अशा वेगवेगळ्या वह्या ठेवत नाही.

हवा कोरडी असण्याचाही मोठा वाटा आहे. वाफ हा सर्वांत मोठा हरितगृह वायू. दक्षिण ध्रुवावरच्या हिवाळी हवेतली सगळी वाफ जमिनीवर उतरवली तर पाण्याचा एक मिलिमीटरचाही थर होणार नाही. उष्णता अडवायला वर काहीच नाही. खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणी उगाच नाही तिथे नेऊन ठेवल्या.

हिमयात्री

ठोंब्याचा पहिला विनोद अर्धा खरा आहे बरं का. थंडी जड असते आणि ती खरंच खाली बसते. पठारावर गारठलेली हवा उतारावरून घसरत किनाऱ्याकडे धावते. मैत्रीला हिवाळ्यात तो वारा सुटला की बाहेर पडताना बांधलेला दोर धरून जावं लागायचं, स्वतःचा हात दिसत नाही. ऑस्ट्रेलियन संशोधक मॉसनच्या १९११ च्या मोहिमेने अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर केप डेनिसनला तळ ठोकला होता, ती जागा समुद्रसपाटीवरच्या सर्वांत वादळी जागांमध्ये गणली जाते. त्या बिचाऱ्यांना उतरल्यावर कळलं.

वाचनमात्र

माझी एक बाळबोध शंका. उंची बाजूलाच ठेवायची असेल तर दोन्हीकडची समुद्रकाठची ठिकाणं घेऊन तुलना का करत नाही?

निळावंती

यात बाळबोध काही नाही, हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता.

दक्षिणेला अमेरिकेचं मॅकमर्डो स्थानक, सुमारे ७८ अक्षांश, समुद्रकाठी. वर्षाची सरासरी उणे १७ च्या आसपास, जानेवारीची उणे ३. उत्तरेला तेवढ्याच अक्षांशावर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन गाव. जुलैत अधिक ६-७, वर्षाची सरासरी उणे ५ च्या आसपास. दोन्ही सखल, तरी दहा अंशांहून जास्त फरक.

उंटावरचा_शहाणा

ही तुलना गंडलेली आहे. स्वालबार्डला अटलांटिकचा गरम प्रवाह जाऊन भिडतो. रशियाचं मुरमान्स्क ६९ अक्षांशावर असून त्याचं बंदर हिवाळ्यात गोठत नाही, तेही त्याच प्रवाहामुळे. लाडावलेल्या पोराशी तुलना करू नका.

निळावंती

बरं, उपाशी पोर घेऊ. कॅनडाचं अलर्ट. ८२.५ अक्षांश, मॅकमर्डोपेक्षा ध्रुवाच्या साडेचार अंश जवळ, गरम प्रवाहाचा लाड नाही. वर्षाची सरासरी उणे १७-१८, म्हणजे मॅकमर्डोएवढीच. आणि जुलै? अधिक ३. मॅकमर्डोचा जानेवारी उणे ३. ध्रुवाच्या पाचशे किमी जवळ असूनही उन्हाळा सहा अंशांनी उबदार. इथे उंची कुठे आहे?

हिमयात्री

आपल्याच दोन स्थानकांचंही बघा. हिमाद्री २००८ पासून स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंडला, ७९ उत्तर. मैत्री १९८९ पासून, ७०.८ दक्षिण. मैत्री ध्रुवापासून आठ अंश अधिक लांब, उंची सव्वाशे मीटरच्या आत. तरी तिची सरासरी उणे दहाच्या आसपास आणि हिमाद्रीची त्याहून बरीच वर. हिमाद्रीला जाऊन आलेले सहकारी सांगतात की तिकडे भर हिवाळ्यात पाऊस पडतो. मैत्रीला पाऊस म्हटलं तर लोक वैद्यकीय तपासणीला पाठवतील.

चौकस_चिमणी

तुम्ही सगळ्यांनी कमाल केलीत. आता पुढचा. उत्तरेला गरम प्रवाह पोचतो तर दक्षिणेला का नाही? तिकडेही तीन महासागर आहेत की.

मावळतीकर

आहेत, पण वाटेत रिंगण आहे. नकाशा दक्षिणेकडून बघा. अंटार्क्टिकाभोवती सगळीकडे पाणी, कुठेच जमीन आडवी येत नाही. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक प्रवाह खंडाला अखंड प्रदक्षिणा घालत राहतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तर जेवढं पाणी वाहील त्याच्या शंभरपटीहून जास्त पाणी त्यात आहे. उत्तरेकडून आलेलं गरम पाणी पृष्ठभागावरून या रिंगणापलीकडे सहज जात नाही.

वाऱ्याचंही तेच. उत्तर गोलार्धात हिमालय, तिबेट, रॉकीज असे अडथळे आहेत. पश्चिमी वारे त्यांना धडकून नागमोडी होतात आणि त्या वळणांतून गरम हवा थेट आर्क्टिकपर्यंत पोचते. दक्षिणेला ४० ते ६० अक्षांशांत जवळजवळ निव्वळ समुद्र. भूगोलात शिकलेले गरजणारे चाळीस आठवा. वारे सरळ गोल फिरतात, आतली थंड हवा आत, बाहेरची बाहेर.

हे रिंगण कायम नव्हतं. अंटार्क्टिका गेली सुमारे दहा कोटी वर्षं ध्रुवाच्या आसपासच आहे, पण त्यातला बराच काळ तिथे जंगलं होती. एलस्मियर बेटावर, म्हणजे अलर्ट आहे त्याच बेटावर, पाच कोटी वर्षांपूर्वी मगरींचे भाईबंद राहत होते. दक्षिणेला मोठी हिमचादर आली सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका दूर सरकून समुद्राची वाट मोकळी झाली हे एक कारण, हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरला हे दुसरं. कुठलं मोठं यावर तज्ज्ञांची अजून जुंपते. मला विचाराल तर दुसरं.

शंकासुर

म्हणजे ओझोनचं भोक दक्षिणेलाच का, त्याचंही उत्तर हेच का? वायू तर आपण जास्त उत्तर गोलार्धात सोडले.

मावळतीकर

हेच. क्लोरीनचे वायू सगळीकडे पसरतात, पण ओझोन खायला त्यांना वरच्या थरातले बर्फाळ ढग लागतात, आणि त्यासाठी तिथली हवा उणे ७८ च्या खाली जायला हवी. दक्षिणेचा वाऱ्याचा भोवरा घट्ट, म्हणून आत एवढी थंडी दर हिवाळ्यात होते. उत्तरेचा भोवरा सारखा विस्कटतो. म्हणून १९८५ साली भोक जाहीर झालं ते अंटार्क्टिकावरचं.

ठोंब्या

अवांतर: दक्षिण ध्रुवावर हिवाळा काढणाऱ्यांचा एक क्लब आहे म्हणे. बाहेर उणे १०० फॅरनहाइट झालं की आत बाष्पस्नानाच्या खोलीत २०० फॅरनहाइटपर्यंत तापायचं आणि मग फक्त बूट घालून ध्रुवाच्या खांबापर्यंत पळत जाऊन यायचं. तीनशे अंशांचा फरक सोसला की सभासद. इकडे उंटराव उंचीवरून उतरायला तयार नाहीत आणि तिकडे लोक कपड्यांवरून उतरले.

हिमयात्री

क्लब खरा आहे. पळत मात्र जात नाहीत, चालत जातात. त्या थंडीत धाप लागून खोल श्वास घेतला तर छातीचं काम होतं.

संपादक_मंडळ

वस्त्रविषयक चर्चा इथेच थांबवावी ही विनंती.

फ्रामप्रेमी

उशिरा आलो. उत्तर ध्रुवाखाली खोल समुद्र आहे हे आपण सहज लिहितोय, पण सव्वाशे वर्षांपूर्वी ते कुणालाच माहीत नव्हतं. नॉर्वेच्या नानसेन या संशोधकाने १८९३ मध्ये फ्राम जहाज मुद्दाम बर्फात अडकवलं, बर्फाबरोबर वाहत वाहत १८९६ मध्ये ते स्वालबार्डजवळ मोकळं झालं. समुद्र उथळ असेल या समजुतीने त्यांनी खोली मोजायची दोरी आखूड नेली होती. तळच लागेना. शेवटी जहाजावरचा पोलादी दोरखंड उसवून लांब तार वळली, तेव्हा कुठे तीन हजार मीटरच्या पुढे तळ सापडला.

आणि तापमान? वरचं पाणी गोठणबिंदूजवळ, पण दोनेकशे मीटर खाली गेल्यावर पाणी चक्क शून्याच्या वर. अटलांटिकचं खारं, जड पाणी खालून आत शिरलेलं असतं. ते वर आलं तर बर्फ टिकणार नाही, पण वरचा कमी खारट थर हलका असल्याने त्याला दाबून ठेवतो.

चौकस_चिमणी

मग आता सगळीकडे तापमानवाढ चालू आहे, त्यात दोन्ही ध्रुव सारखेच तापताहेत का?

आकडेमोड

अजिबात नाही. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. समुद्रबर्फ हटला की खालचं काळं पाणी ऊन पितं, त्याने आणखी बर्फ हटतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाख चौरस किमीपर्यंत आक्रसला होता. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ मात्र २०१४ पर्यंत उलट वाढत होता. मग घसरण सुरू झाली आणि २०२३ मध्ये नीचांक. पठारही अगदी सुरक्षित नाही. १८ मार्च २०२२ ला कोंकोर्डिया स्थानकावर तापमान नेहमीपेक्षा जवळपास ४० अंशांनी जास्त होतं, बाहेरून ओल्या गरम हवेचा एक पट्टा आत घुसला म्हणून. चाळीस! आपल्याकडे नेहमीपेक्षा पाच अंश जास्त झाले तर बातमी होते.

उंटावरचा_शहाणा

घ्या, आता माझी पाळी. अंटार्क्टिका कमी का तापतोय यावर संगणकीय प्रारूपांत एक प्रयोग झालाय. खंडाची उंची काढून टाकली, सपाट केला, आणि मग कार्बन डायऑक्साइड वाढवून बघितलं. काय झालं? दोन ध्रुवांच्या तापण्यातला फरक कमी झाला. सपाट अंटार्क्टिकाला बाहेरची उष्णता जास्त पोचते. म्हणजे आजचं थंड असणं असो की उद्याचं तापणं असो, उंचीला टाळून पुढे जाता येत नाही. उंट कुठेही उतरलेला नाही.

निळावंती

कमी झाला, उंटराव. नाहीसा नाही झाला. अंटार्क्टिकाभोवती खोल समुद्रातलं शेकडो वर्षांपूर्वीचं थंड पाणी सतत वर येतं, थोडीफार उष्णता घेतं आणि उत्तरेकडे निघून जातं. तिथल्या पृष्ठभागाला तापायला सवडच मिळत नाही. खंड तुम्ही सपाट करा नाही तर खणून काढा, ते पाणी येतच राहणार.

उंटावरचा_शहाणा

खणून काढला तर तुमचा तो प्रवाह प्रदक्षिणा कुणाला घालणार?

निळावंती

मधे कोणी असो नसो, वारा आहे तोवर फिरत राहील. ५६ ते ६० दक्षिण अक्षांशांत त्याच्या वाटेत आडवी जमीनच नाही.